टेलिफोनच्या तारेकडून प्रकाशतंतूकडे

पुणे-नाशिक महामार्गावरील राजगुरुनगर हे खेड तालुक्याचे मुख्य ठिकाण. दक्षिणेस चाकणचे कारखाने आणि पश्चिमेस भीमेच्या उगमाकडील डोंगरी वाड्या, असा हा दोन परींचा तालुका आहे. कारखान्यांना इंटरनेटची जोडणी देण्यास कंपन्या उत्सुक असतात. दहा-वीस घरांच्या वाडीसाठी दोन कोस तार ओढण्यास मात्र सहसा कोणी पुढे येत नाही. हे काम करावयाचे कोणी, हा मूळ प्रश्न होय.

अमेरिकेत त्याचे उत्तर गावोगावच्या लहान टेलिफोन कंपन्यांनी आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी दिले. मोठ्या कंपन्यांनी वगळलेल्या भागांत त्यांनी स्वतः खांब उभारले. १९४९ पासून त्यांना ग्रामीण टेलिफोनसाठी सरकारी कर्जे मिळू लागली. पुढे १९९० नंतरच्या दशकात यांपैकी अनेक संस्था इंटरनेट पुरवू लागल्या. खांब, तारा, ग्राहक व मासिक वसुलीची घडी त्यांच्याजवळ आधीच होती.

भारतात १८८५ च्या तार अधिनियमाने हे क्षेत्र सरकारकडे राखून ठेवले होते. त्यामुळे साखर, दूध, इतकेच काय काही भागांत विजेचे वितरणही सहकारातून करणाऱ्या महाराष्ट्रात टेलिफोनची सहकारी संस्था मात्र उभी राहिली नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारे, १२८ जोडण्यांचे लहान ग्रामीण टेलिफोन केंद्र विकसित केले आणि खेड्यांतील घंटी खऱ्या अर्थाने वाजू लागली. १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू झाले. १९९८ मध्ये खाजगी सेवादारांनाही परवानगी मिळाली. परंतु तांब्याच्या तारेवरील वेगवान सेवा केंद्रापासून काही किलोमीटरपर्यंतच नीट चालते. परिणामी केंद्राजवळची घरे जोडली गेली आणि लांबच्या वाड्या राहिल्या.

प्रकाशतंतूने अंतराची ही अडचण दूर केली. काचेच्या केसासारख्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने संदेश जातो. एकाच तंतूला वीज न लागणारे विभाजक बसवून सुमारे वीस किलोमीटरच्या टापूतील ३२ किंवा ६४ घरांना जोडणी देता येते. ग्रामपंचायतींपर्यंत असा तंतू नेण्याच्या योजनेस केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. ती पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम 'महानेट' या नावाने राज्य शासनाच्या यंत्रणेकडे आले.

तंतू पंचायतीच्या कार्यालयात येऊन थांबला, की पुढची मजल गावातल्या माणसाची. अमेरिकेतील लहान कंपनीची जागा येथे बहुधा केबल टीव्हीचालक घेतो. त्याचे खांब उभे असतात, घरे ओळखीची असतात आणि महिन्याची वसुली अंगवळणी पडलेली असते. दूरसंचार निगमाशी करार करून तो घरोघर जोडण्या देतो व उत्पन्नात वाटा घेतो. किराणा दुकानदारालाही वाट मोकळी आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेनुसार दुकानातून सार्वजनिक वाय-फाय पुरविण्यास परवाना लागत नाही.

अडते ते देखभालीपाशी. यंत्रसामग्री ज्या खोलीत ठेवली तिची किल्ली सुटीच्या दिवशी सापडत नाही. वीज गेली की बॅटरी काही तासांत संपते. रस्ता किंवा नळासाठी खोदताना तंतू तुटतो. तुटलेला तंतू जोडण्यास खास यंत्र व शिकलेला हात लागतो. तो माणूस तालुक्याच्या गावी असेल तर सेवा संध्याकाळपर्यंत पूर्ववत होते. दूरच्या ठेकेदाराची वाट पाहावी लागली, तर शाळेचा वर्ग आणि दाखल्यांचे काम दोन्ही खोळंबतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत तंतूची वर्तुळाकार मांडणी आणि दहा वर्षांची देखभाल यांचा समावेश आहे, तो याच अनुभवातून. वर्तुळ एका ठिकाणी तुटले तरी संदेश दुसऱ्या बाजूने पोहोचतो.

मात्र कार्यालयापासून घरापर्यंतच्या तारेला हे वर्तुळ लागू नाही. तेथे स्थानिक चालकाशी करार करतानाच दुरुस्ती किती वेळात व्हावी आणि खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे राहावी, हे पंचायतीने लेखी ठरवून घेणे इष्ट. खोदकामाची पूर्वसूचना देण्यासाठी मार्च २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' ही मोबाइलवरील सोय उपलब्ध झाली आहे. नळयोजनेच्या ठेकेदाराला कार्यादेश देताना तिचा उल्लेख एका ओळीत करता येतो.