धर्मग्राम सोडून मातेच्या उशाशी

नाताळ म्हटला की गव्हाणीतील बाळ, त्याची माता मरिया आणि शेजारी उभा असलेला योसेफ असे तिघांचे चित्र डोळ्यांपुढे येते. नाताळनंतरचा रविवार कॅथलिक मंडळी ‘पवित्र कुटुंबाचा सण’ म्हणून पाळतात, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते. त्या सणाच्या निमित्ताने एका धर्मगुरूची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे मनात आले. ज्याने देवासाठी संसारच मांडला नाही, त्याच्या दाराशी कुटुंबाचे कर्तव्य येऊन उभे राहिले तर त्याने काय करावे, असा पेच तीत आहे.

वसईकडील एक फादर काही वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरीतील कठीण स्थळे समजावून घेण्यासाठी आमच्याकडे येत. माणूस अभ्यासू आणि बोलण्यात आर्जवी. गेल्या पावसाळ्यात त्यांचे पत्र आले. मातोश्री पक्षाघाताने अंथरुणास खिळल्या होत्या; थोरले बंधू आधीच निवर्तलेले, बहीण स्वतःच आजारी. तेव्हा बिशपांच्या अनुमतीने आपण धर्मग्रामाचे प्रमुखपद सोडले असून घरी राहावयास आलो आहोत, असे त्यांनी चार ओळींत कळविले होते. पत्र वाचताच आमच्या घरातून पहिला प्रश्न निघाला, “म्हणजे फादरांनी दीक्षा सोडली काय?”

तसे नव्हे. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या छायेखालील भाविकांचा समाज, आणि त्याचा प्रमुख धर्मगुरू हे एक पद आहे. पद सुटले तरी दीक्षा सुटत नाही. आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. मठवासी संघांतील साधू दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात. धर्मप्रांताच्या सेवेतील धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाही. तो अविवाहित राहतो आणि आपल्या बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो. आईबापांशी असलेले त्याचे नाते कोणी तोडावयास सांगितलेले नसते. यतीला सर्वांनी वंदन करावे, पण यतीने मातेस वंदन करावे, ही आपल्याकडील रीत वाचकांस येथे आठवेल.

तथापि मनात आले आणि गाठोडे बांधून निघाले, असेही चालत नाही. कॅथलिक चर्चची धर्मसंहिता १९८३ साली नव्याने प्रसिद्ध झाली. प्रमुख धर्मगुरूने चर्चजवळच्या निवासातच राहिले पाहिजे, वर्षाकाठी रजा फार तर एक महिना, आणि आठवड्याहून अधिक काळ बाहेर राहावयाचे तर बिशपांस आधी कळविले पाहिजे, असा तिचा दंडक आहे. पद सोडावयाचे तर न्याय्य कारण हवे, आणि बिशपांनी राजीनामा स्वीकारल्यावाचून तो वैध होत नाही. तीन महिन्यांत स्वीकारला गेला नाही तर तो राजीनामा निष्फळ ठरतो. मेंढपाळ मध्येच निघून गेला तर कळपाचे काय, ही चिंता त्या शब्दांमागे स्पष्ट दिसते.

खरा पेच मात्र शास्त्रवचनांचाच आहे. लूकच्या शुभवर्तमानात एक जण येशूला म्हणतो, मला आधी बापाला मूठमाती देऊन येऊ द्या. त्याला मिळालेले उत्तर आपल्या कानांस फार कठोर वाटते. उलट मार्कच्या शुभवर्तमानात तोच प्रभू धर्मशास्त्र्यांवर संतापतो. आईबापांस द्यावयाचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना तो देवाची आज्ञाच रद्द केल्याचा दोष देतो. आणि योहान सांगतो की क्रुसावर प्राण कंठाशी आले असताही त्याने आपल्या मातेस प्रिय शिष्याच्या हवाली केले. या प्रसंगांचा मेळ घालणे पंडितांस जमेल; रात्री दोन वाजता आईची कूस बदलावी लागणाऱ्या पुत्रास तो स्वतःच्या हातांनी घालावा लागतो.

पूर्वरंग झाला, आता आख्यान लावल्यावाचून कीर्तनकारास राहवत नाही. चौथ्या शतकातील ग्रेगरी हा कप्पादुकियातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. त्याचा पिता नाझियान्झस गावचा बिशप होता. त्या काळी बिशपांस संसार असे. पित्याने आग्रहाने ३६१ च्या सुमारास पुत्राला दीक्षा दिली. एकांतप्रिय ग्रेगरी भांबावून मित्र बेसिलकडे पळाला, पण काही महिन्यांनी परतला. का परतलो, हे त्याने पुढे एका विस्तृत प्रवचनात सांगितले. लोकांची ओढ आणि वृद्ध मातापित्यांचा दुबळेपणा ही कारणे त्याने तेथे उघड दिली आहेत.

पुढे ३७२ साली बेसिलने त्याला सासिमा नावाच्या गावाचा बिशप केले. ते गाव म्हणजे हमरस्त्यावरचा एक थांबा. धूळ, गाड्यांचा खडखडाट, पाण्याची वानवा. ग्रेगरीने तेथील कारभार हाती घेतलाच नाही. तो पित्याचे काम सांभाळावयास घरी आला आणि पिता ३७४ साली वारेपर्यंत नाझियान्झसमध्ये राहिला. माताही त्याच वर्षी गेली. बेसिलशी असलेल्या स्नेहात मात्र कडवटपणा आला, तो आलाच. ग्रेगरीला सासिमा मुळीच आवडले नव्हते, हेही खरे. पितृसेवा आणि नावडत्या पदापासून सुटका या दोहोंतील कोणते कारण किती, हे त्याचे त्यालाही सांगता आले असते की नाही, मला शंका आहे. तरी चर्चने त्याला थोर आचार्यांत बसविले.

हे आख्यान मी फादरांना पत्रातून मुद्दाम लिहिले. उत्तर आले ते थोडे हसरे, थोडे व्याकूळ. “शास्त्रीबुवा, मला माझे धर्मग्राम आवडत होते, म्हणून माझी अडचण ग्रेगरीहून मोठी आहे.” निरोपाच्या दिवशी एक वृद्ध गृहस्थ त्यांना म्हणाले होते, “फादर, तुमची आई एक. आमच्या गावात पोरांनी टाकलेल्या आया किती आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्याकडे आता कोण जाणार?” यावर फादरांस उत्तर सुचले नाही. मलाही सुचलेले नाही. त्या गृहस्थाचे बोलणे अन्यायाचे होते असे मी म्हणणार नाही. तरी मला विचाराल तर फादरांचे जाणेच योग्य होते. धर्मग्रामाला दुसरा धर्मगुरू मिळू शकतो, त्या बाईंना दुसरा मुलगा उरलेला नाही.

आता त्यांच्या घरी पलंगाजवळ एक लहानसे मेज आहे. पांढरे वस्त्र अंथरून त्यावर ते मिस्सा करतात, श्रोता एकच. मातोश्रींची वाचा पुरती परतलेली नाही, परंतु प्रार्थनेच्या उत्तराची वेळ आली की ओठ हलतात. प्रसादाच्या भाकरीचा बारीकसा तुकडा चमचाभर पाण्याबरोबर त्यांना द्यावा लागतो. येत्या पवित्र कुटुंबाच्या रविवारी जुन्या धर्मग्रामातील काही बायका भेटीस येणार आहेत, असे परवाच्या पत्रात होते. त्यांतील दोघी पाळीपाळीने रात्री बसावयास तयार आहेत. “एक रात्र सलग झोप मिळाली तर,” फादरांनी शेवटी लिहिले आहे, “सकाळी त्या वृद्ध गृहस्थांकडे जाऊन येईन म्हणतो.”