रानडुकरांच्या बंदोबस्तात मोबाईलवरील ऑफलाइन नकाशा

रानालगतच्या गावांतील शेतकऱ्यांस रानडुकरांचा उपद्रव नवा नाही. भुईमूग, मका, ऊस, भात यांसारखी पिके हाताशी येण्याच्या सुमारास कळप शेतात शिरतो आणि हंगामभराची मेहनत एका रात्रीत उकरून टाकतो. अशा वेळी नुकसानीचा पंचनामा करविणे, जनावरांचा माग काढणे आणि रीतसर परवानगी मिळाल्यास त्यांचा बंदोबस्त करणे, ही कामे ओघानेच येतात. परंतु सह्याद्रीच्या खोऱ्यांत, मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ही कामे करावयाची, तेथे मोबाईलला नेटवर्क मिळेलच याची खात्री नसते. नेटवर्क नाही म्हणजे नकाशाही नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. नकाशा घरूनच मोबाईलमध्ये उतरवून नेला असेल, तर रानात टॉवर नसतानाही आपण कोठे उभे आहोत हे कळू शकते.

प्रथम परवानगी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ अन्वये अनुसूचीतील वन्य प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे. या कायद्यात शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. फासे लावणे, विष घालणे, सापळ्यात धरणे, त्यासाठी जनावर हाकणे हेही शिकारीतच मोडते. उभ्या पिकास धोका निर्माण करणाऱ्या काही प्राण्यांच्या बाबतीत कलम ११ अन्वये अधिकृत अधिकारी लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो. तशी परवानगी हाती नसेल, तर पुढील माहितीचा उपयोग फक्त राखण, माग आणि पंचनामा एवढ्यापुरताच करावा.

परवानगी असली तरी तीत नमूद केलेले क्षेत्र व मुदत काटेकोरपणे पाळावी लागते. कलम ३१ प्रमाणे लेखी पूर्वपरवानगीवाचून अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करता येत नाही. अंधारात कळपामागे जाताना बांध केव्हा ओलांडला आणि अभयारण्य केव्हा लागले, हे ध्यानात न आल्यास पीक वाचविण्यास निघालेला शेतकरी गुन्ह्यात सापडतो. नकाशाची खरी गरज येथे आहे.

नेटवर्क वेगळे, उपग्रह वेगळे

मोबाईलमधील नकाशाची दोन अंगे असतात. एक नकाशाचे चित्र आणि दुसरे आपले ठिकाण दाखविणारा ठिपका. चित्र इंटरनेटवरून येते. ठिपका मात्र उपग्रहांच्या संकेतांवरून ठरविता येतो. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि अखंड वेळेचे संकेत पाठवितात. किमान ४ उपग्रहांचे संकेत मिळाले म्हणजे मोबाईल आपले ठिकाण काढतो. मोबाईल हे संकेत केवळ घेतो, उलट काही पाठवीत नाही. म्हणून त्यास टॉवर लागत नाही, सिमकार्डही लागत नाही.

मोकळ्या आकाशाखाली चांगल्या मोबाईलचे ठिकाण सुमारे ५ मीटरच्या आत येते. दाट झाडी, अरुंद घळ किंवा उभा कडा असेल तेथे संकेत अडतात आणि चूक वाढते. तसेच नेटवर्क असताना उपग्रहांची माहिती मोबाईलला चटकन मिळते; ते नसताना पहिले ठिकाण मिळण्यास काही मिनिटे लागू शकतात. यास्तव गावातून निघतानाच मोकळ्या जागी थांबून ठिपका स्थिर झाल्याची खात्री करावी.

घरून निघण्यापूर्वी

जेथे इंटरनेट चांगले मिळते अशा ठिकाणी पुढील तयारी करावी.

(१) गूगल मॅप्समध्ये हवा तो भाग निवडून उतरवून घेता येतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारे चालणारी ऑरगॅनिक मॅप्स व ओएसएमअँड ही ॲपेही ऑफलाइन चालतात. त्यांत पायवाटाही बऱ्याच ठिकाणी दाखविलेल्या असतात.

(२) केवळ आपले शिवार न घेता भोवतालच्या गावांचा भागही घ्यावा. वाट चुकणारा मनुष्य बहुधा नकाशाच्या कडेबाहेरच जातो.

(३) आपले शेत, घर, पाणवठा, वाड्या, गुरांचे गोठे आणि रहदारीची वाट यांवर खुणा करून त्यांस नावे द्यावीत. नेम चुकलेली गोळी दूरवर जाते. त्या दिशेला वस्ती आहे किंवा नाही, हे बंदूक हाती घेण्यापूर्वीच ठाऊक असले पाहिजे.

(४) वनरक्षकाकडून हद्द समजून घ्यावी व शक्य तर त्यांच्यासमवेत दिवसा फिरून हद्दीच्या बुरुजांवर खुणा कराव्यात.

(५) नकाशा उतरला किंवा नाही, हे पाहण्यासाठी इंटरनेट बंद करून तो उघडून पाहावा. ही परीक्षा पुष्कळ जण वगळतात आणि रानात गेल्यावर कोरा पडदा पाहतात.

ठिकाण लिहिण्याची रीत

पंचनाम्याच्या अर्जात गट क्रमांकाबरोबर नुकसानीच्या जागेचे अक्षांश व रेखांश लिहिल्यास तपासणीस येणाऱ्या कर्मचाऱ्यांस नेमकी जागा सापडते. कॅमेऱ्यातील ठिकाणाची सोय चालू ठेवून छायाचित्र घेतल्यास नेटवर्क नसतानाही ठिकाण व वेळ त्यात नोंदली जाते. पिकाची मोडतोड, पावलांचे ठसे आणि बांधाची एखादी ओळखीची खूण अशी निदान ३ छायाचित्रे घ्यावीत. अर्जाची मुदत थोडी असते. ती आधीच विचारून ठेवावी.

अंक लिहिताना दोन चुका वारंवार होतात. पहिली, अंकांची अदलाबदल. महाराष्ट्रात अक्षांश १५ ते २३ च्या आणि रेखांश ७२ ते ८१ च्या दरम्यान असतो. अक्षांश नेहमी प्रथम लिहावा. उलट लिहिल्यास ती जागा उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ समुद्राच्या आसपास जाऊन पडते! दुसरी चूक अंश-मिनिटांची. २० अंश ३० मिनिटे म्हणजे २०.५० अंश होत, २०.३० नव्हे. या एका चुकीने जागा सुमारे २२ किलोमीटर सरकते. दशांश चिन्हापुढे ४ अंक लिहिले म्हणजे जागा सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी होते. ५ अंक लिहिणे अधिक चांगले.

रानात वापरताना

टॉवर शोधण्यात मोबाईलची बॅटरी लवकर संपते. म्हणून नेटवर्क नसलेल्या भागात मोबाईल विमान-स्थितीत ठेवावा आणि ठिपका चालू राहतो याची खात्री घरीच करून घ्यावी. आलेल्या वाटेची नोंद ठेवण्याची सोय ॲपमध्ये असेल तर ती निघतानाच सुरू करावी. परतताना तीच रेषा धरून येता येते. नकाशावरील दोन ठिपक्यांतील अंतर सरळ रेषेतील असते. मध्ये घळ किंवा कडा असल्यास ५०० मीटरसाठीही तासभर चालावे लागते, याचे भान ठेवावे.

दिशा दाखविणारा बाण मोबाईलमधील चुंबकसूचीवर चालतो. बंदुकीची नळी, विळा किंवा चुंबकाचे झाकण जवळ असल्यास तो फसवितो. अशा वेळी मोबाईल लोखंडापासून दूर धरून हवेत आठच्या आकड्याप्रमाणे फिरवावा, म्हणजे बाण पुन्हा ताळ्यावर येतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ऑफलाइन नकाशात फक्त आपला ठिपका दिसतो. सोबत्यांचे ठिपके दिसत नाहीत. नेटवर्कवाचून एकाचे ठिकाण दुसऱ्यास कळत नाही. समोर झुडूप हलले आणि नकाशावर तेथे कोणी दिसले नाही, म्हणून ते रानडुक्करच आहे असे मानणे जिवावर बेतेल. प्रत्येकाची जागा निघण्यापूर्वी ठरवावी, ती सर्वांनी आपापल्या नकाशावर मांडावी आणि ठरलेली जागा कोणीही सोडू नये. कोणत्या भागात जात आहोत व केव्हा परतणार, हे घरी सांगून ठेवावे. संकट ओढवल्यास उंच जागी जाऊन ११२ क्रमांक लावावा आणि अक्षांश-रेखांश वाचून दाखवावेत.

मर्यादा

मोबाईलवरील हद्दीची रेषा ही कायद्याची रेषा नव्हे. तीत काही मीटरांचा फरक असतो आणि ठिपक्यातही असतो. दोन्ही चुका एकत्र आल्या म्हणजे बांधालगत उभा असलेला मनुष्य कोणत्या बाजूस आहे, हे मोबाईल सांगू शकत नाही. हद्दीपासून पुरेसे अंतर राखणे हाच उपाय. तसेच बॅटरी संपते, पडदा फुटतो, पावसाने यंत्र बंद पडते. म्हणून ठळक खुणांचा हाताने काढलेला एक कागदी नकाशा खिशात असावा.

ग्रामकार्यकर्त्यांनी पिके पोसण्यापूर्वीच गावात एक प्रात्यक्षिक घ्यावे. प्रत्येक शेतकऱ्याने इंटरनेट बंद करून आपल्या शेताच्या चारही कोपऱ्यांवर उभे राहावे आणि अक्षांश-रेखांश वहीत लिहावेत. हे काम एका सकाळी होते. ती वही पंचनाम्याच्या दिवशी उपयोगी पडेल आणि तो सराव रात्रीच्या राखणीत.