पालेर्मोचं छत आणि त्याखालची माणसं

पालेर्मोच्या राजवाड्यात राजाचं खासगी चर्च आहे, कापेला पालातीना. आत शिरणाऱ्याची नजर आधी भिंतींवर खिळते, कारण त्या सोनेरी मोझेइकने मढलेल्या आहेत. घुमटात ख्रिस्त आहे आणि त्याच्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत. पण खरं नवल मधल्या दालनाच्या लाकडी छतात आहे. लहान लहान कोनाड्यांचे थर एकमेकांत गुंतवून ते पोळ्यासारखं खाली लोंबत ठेवलेलं आहे. त्यावर मद्याचे पेले धरलेले दरबारी, बासरीवाले, नर्तकी, उंट, बुद्धिबळाचा डाव मांडून बसलेले दोघे अशी चित्रं आहेत आणि कडांवरून अरबी लिपीतल्या शुभकामना धावतात. ख्रिस्ती राजाने १२व्या शतकाच्या मध्याला हे चर्च बांधलं आणि वर मुसलमान दरबारांतलं छत चढवलं.

हे कसं घडलं, ते सिसिलीचा नकाशा सांगतो. आफ्रिकेचा किनारा इथून फार दूर नाही. ८२७मध्ये अरब फौजा माझाराजवळ उतरल्या, ८३१मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आलं आणि तिथून दोनेक शतकं बेट त्यांचं होतं. लिंबू, ऊस आणि जमिनीखालून बोगद्याने पाणी खेळवण्याची विद्या त्यांनी आणली. पालेर्मोखालचे असे काही बोगदे आजही पाहता येतात. पुढे उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन सरदारांनी १०७२मध्ये पालेर्मो जिंकलं. ११३०च्या नाताळात त्यांच्यातला रॉजर दुसरा सिसिलीचा राजा झाला. ते चर्च बांधणारा राजा हाच.

नॉर्मन मूठभर होते. महसुलाचे हिशेब अरबी कारकुनांकडे, आरमार आणि बराचसा पत्रव्यवहार ग्रीक जाणणाऱ्यांकडे. ही माणसं हाकलली असती तर राज्य आठवडाभरही चाललं नसतं. म्हणून रॉजरच्या नाण्यांवर अरबी मजकूर आला. ११४२मध्ये त्याने राजवाड्यात पाण्याचं घड्याळ बसवलं, तेव्हा त्याचा शिलालेख लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत कोरला गेला. त्याचा राज्याभिषेकाचा झगा म्हणून ओळखलं जाणारं लाल रेशमी वस्त्र व्हिएन्नाच्या खजिन्यात आहे. त्याच्या काठावरचा अरबी लेख हिजरी ५२८ हे साल सांगतो.

याच दरबारात अल-इद्रिसी हा भूगोलकार वर्षानुवर्षं राबला. ११५४मध्ये पुरा झालेला त्याचा ग्रंथ त्या काळच्या ज्ञात जगाचं वर्णन सत्तर नकाशांसह करतो. नकाशांत दक्षिण वर आहे. मराठी वाचकाने हा ग्रंथ आवर्जून चाळावा, कारण त्यात आपलं कोकण आहे. सोपारा, चौल आणि ठाणे ही बंदरं त्यात येतात. ठाण्याजवळच्या डोंगरांत बांबूतलं वंशलोचन मिळतं आणि व्यापारी त्यात भेसळ करतात, हेही तो नोंदवतो. भूमध्य समुद्रातल्या एका राजाच्या खर्चाने लिहिलेल्या पुस्तकात ठाण्याच्या बांबूची चौकशी आहे, हे वाचून मला अजूनही भरून येतं.

मग झीसा. हा नॉर्मन राजांचा उन्हाळी महाल, ११६५च्या सुमारास सुरू झालेला. दालनातून पाणी वाहतं ठेवून तो गार राखायचे. आज तिथे संग्रहालय आहे आणि त्यात एक छोटा संगमरवरी दगड आहे. ग्रिझांतो नावाच्या दरबारी पाद्र्याने आपली आई आना हिच्या स्मरणार्थ ११४९मध्ये तो कोरवला. मजकूर लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू लिपीतली अरबी अशा चार रूपांत आहे. तिच्या मृत्यूचं साल प्रत्येक लेखात त्या-त्या समाजाच्या कालगणनेप्रमाणे वेगळं पडलं आहे. आपल्या आईसाठी चारही समाजांतल्या माणसांनी थांबून वाचावं, अशी त्या मुलाची इच्छा होती. पालेर्मोत एकच वस्तू पाहायची झाली तर मी हीच सांगेन.

प्रवास-पुस्तकं इथेच थांबतात आणि सिसिलीला सर्वधर्मसमभावाचं नंदनवन ठरवतात. ते मला पटत नाही. ११६१च्या बंडाळीत पालेर्मोतल्या मुसलमानांची कत्तल झाली. ११८४च्या अखेरीस वादळात गलबत फुटून मेसिनाला पोहोचलेला अंदलूसी प्रवासी इब्न जुबैर लिहितो की तेव्हाचा राजा दुसरा विल्यम अरबी वाचतो-लिहितो आणि मुसलमान सेवकांवर विश्वास टाकतो. पण तोच हेही नोंदवतो की दरबारातले सेवक आपला धर्म लपवून जगतात आणि धर्मांतराचा दाब वाढतो आहे.

पालेर्मोजवळच्या मोन्रेआलेचं कॅथीड्रल याच विल्यमचं. सहा हजार चौरस मीटरहून जास्त मोझेइक आणि मठाच्या अंगणाभोवती २२८ जोडखांब, प्रत्येक जोडीचं शिल्प वेगळं. बघताना शब्द सुचत नाहीत. या मठाला राजाने मोठा मुलूख दान दिला, आणि त्यासोबत तिथले मुसलमान शेतकरीही दिले. त्यांच्या नावांच्या ११७८ आणि ११८३च्या अरबी याद्या टिकून आहेत. अमुक, अमुकचा मुलगा, अशा ओळींमागून ओळी. सोन्याच्या भिंतींइतक्याच या याद्याही मोन्रेआलेचा भाग आहेत.

११८९मध्ये विल्यम वारला आणि पालेर्मोत पुन्हा हल्ले झाले. पुष्कळ मुसलमान पश्चिमेच्या डोंगरांत पळाले आणि लढत राहिले. रॉजरचा नातू सम्राट फ्रेडरिक दुसरा स्वतः अरबी विद्येचा चाहता; पण त्यानेच १२२०च्या दशकापासून त्यांना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर, अपुलियातल्या लुचेराला नेऊन वसवलं. १३००मध्ये आंजू घराण्याच्या राजाने ती वस्ती मोडली आणि माणसं गुलाम म्हणून विकली. ज्यूंच्या निर्वासनाचा हुकूम १४९२चा. ग्रिझांतोचा दगड चारही लिपींत वाचू शकणारं शहर त्यानंतर उरलं नाही.

२०१५मध्ये युनेस्कोने अरब-नॉर्मन पालेर्मोची नऊ स्मारकं, चेफालू आणि मोन्रेआलेची कॅथीड्रलं धरून, जागतिक वारशात घेतली. सहल कंपन्या आता त्या नऊंची फेरी करवतात आणि ती उत्तमच असते. पण जाणार असाल तर झीसासाठी अर्धा दिवस राखा, आणि परतीच्या वाटेवर एक मुक्काम लुचेराला ठेवा. विकल्या गेलेल्या त्या वस्तीची गोष्ट पालेर्मोची गोष्ट पुरी करते, आणि ती सहलीच्या कार्यक्रमात सहसा नसते. आपणच मागून घ्यावी लागते.