कडा जवळ, नजर वाटेवर

"पडलीस तर घरचं कोण बघंल?"

सासूबाईंचा हा प्रश्न सोबत घेऊनच मी त्या दिवशी घराबाहेर पडले. त्या विरोध करत नव्हत्या, बरं का! त्या हिशेब मांडत होत्या. घरातल्या बाईचा पाय प्लास्टरमध्ये गेला की डबे, औषधपाणी, मुलांच्या परीक्षा, सगळंच लंगडतं. हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणूनच दहावी-बारावीनंतर आपण सायकलवरून एकदा उतरतो, ते पुन्हा चढतच नाही.

मीही त्यातलीच. लहानपणी नांदेडात तासावर भाड्याची सायकल घेऊन, कैची मारत शिकले. लग्नानंतर वीस वर्षं हँडलला हात लावला नव्हता. मग लातूरच्या मैत्रिणीनं गिअरची सायकल घेतली, तिचं बघून मी घेतली. वर्षभर पहाटे डांबरी रस्त्यावर सराव झाला आणि एक दिवस ती म्हणाली, "चल, सहस्रकुंडला जाऊ. काठाकाठानं चालवू."

किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या खडकावरून खाली झेप घेते, तोच हा सहस्रकुंड धबधबा. अलीकडे आपला मराठवाडा, पलीकडे विदर्भातला यवतमाळ जिल्हा. पावसाळ्यात इथं पाण्याचा नुसता गडगडाट असतो. आम्ही गेलो फेब्रुवारीअखेर. पाणी ओसरलेलं, गवत वाळलेलं, खडक उघडा पडलेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड! नदीनं तो कापत कापत खोल घळ केली आहे. वर उभं राहिलं की पोटात गोळाच येतो.

सायकली टेम्पोत टाकून आणल्या होत्या. धबधब्यापासून दूर, काठापासून चांगलं अंतर ठेवून जाणारी एक गाडीवाट आम्ही धरली. आधी मुरूम, मग सुटे दगड, मग सलग खडक. डांबरावर जी सायकल लोण्यासारखी चालायची, ती इथं दाणदाण उडायला लागली. एका वळणावर वाट घळीकडे झुकली. माझी नजर खाली गेली... आणि काय आश्चर्य, चाकही तिकडंच वळायला लागलं! ब्रेक दाबले, पाय टेकवले आणि उतरले. हात थरथरत होते.

मैत्रीण पुढून ओरडली, "अगं ये की! काही होत नाही!"

मला रडूच आलं. एवढी तयारी केली, आणि शेवटी उतरलेच ना?

बाजूला एक आजी शेळ्या चारत होत्या. म्हणाल्या, "कामून रडायलीस माय? आमी बी शेरडं घिऊन काठाला जात न्हाई. भ्या वाटलं तर उतरावं. त्यात काय लाज?"

त्या बोलण्यानं जीव थाऱ्यावर आला. तेवढा तुकडा सायकल हातात धरून चालले आणि पुढं पुन्हा बसले.

घरी येऊन या खेळाबद्दल वाचलं, तेव्हा कळलं की आजी बरोबरच होत्या. अमेरिकेत युटा राज्याच्या वाळवंटात 'व्हाइट रिम' नावाची वाट आहे. दरीच्या काठानं जाणारी, सुमारे १६० किलोमीटरची. १९५०च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांसाठी केलेला हा कच्चा रस्ता आज माउंटन बायकिंगसाठी प्रसिद्ध आहे. वाटेत प्यायला पाणी मिळत नाही, म्हणून बरेच जण पाण्याची गाडी सोबत ठेवून तीन-चार दिवसांत ती पूर्ण करतात. तिथंही अवघड जागी लोक खुशाल उतरून चालतात.

या खेळाची सुरुवात १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जुन्या, जड सायकली डोंगरावरून पिटाळत केली. त्या टोळक्यात वेंडी क्रॅग नावाची एक बाईही होती. ती सायकल चालवायची आणि फोटोही काढायची. त्या सुरुवातीच्या दिवसांचे कितीतरी फोटो तिनंच टिपलेले आहेत. १९९६ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, तोही बायका आणि पुरुष दोघांसाठी एकदमच.

आणि लांब कशाला जायचं? पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये, विशीत असताना, सायकलवरून सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली. आपल्याकडंही आठवी ते बारावीच्या कितीतरी मुली मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर शाळेला जातात. त्या मुली लग्नानंतरही सायकल चालवतील का, हा खरा प्रश्न आहे.

त्या वळणावर माझं काय चुकलं, तेही समजलं. सायकल नजरेमागं जाते. दरीकडं पाहिलं की चाक दरीकडं वळतं. म्हणून नजर पुढं, जिथून जायचंय त्या वाटेवर ठेवायची. भीती जात नाही, पण हँडल सरळ राहतं.

रात्री घरी पोचले. सासूबाई जाग्याच होत्या.

"पडलीस का?"

"नाही. दोनदा उतरले."

"ब्येस केलंस," म्हणाल्या आणि झाकून ठेवलेलं ताट पुढं सरकवलं. "आता पुन्हा कधी जायलीस?"

निघण्यापूर्वी एवढं पाहा

• पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला, तर सीटची उंची बरोबर आहे.
• ओढणी घरीच ठेवा, चाकात अडकते. सलवारीच्या घोट्याला रबर लावा. हेल्मेट हवंच.
• उतारावर सीट थोडी खाली घ्या, वजन मागं ठेवा. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. नुसता पुढचा दाबला तर तोंडावर पडाल.
• खडकावर टायरमध्ये हवा किंचित कमी ठेवा. फार कमी केली तर पंक्चर ठरलेलं.
• ओल्या, शेवाळलेल्या खडकावर आणि पावसाळ्यात काठावर सायकल नकोच.
• जंगल लागत असेल तर वनखात्याला विचारून जा. एकटीनं जाऊ नका आणि घरी वाट सांगून निघा.
• मार्चनंतर आपल्याकडचं ऊन सोसत नाही. सकाळी दहाच्या आत परता, पाणी भरपूर घ्या.
• सुरुवात सोप्या जागेपासून करा. लातूरकरांना खरोसा लेण्यांच्या टेकडीभोवतीचे कच्चे रस्ते जवळ पडतील.