मानेतील धातूची पट्टी

मानेची शस्त्रक्रिया पार पडून हाताच्या कळा थांबल्या, की घरची मंडळी त्या दुखण्याचा अध्याय संपला असे समजतात. बहुतेकांच्या बाबतीत तो खरोखरीच संपतो. तथापि गळ्यात बसविलेली धातूची पट्टी तेथेच राहते, आणि क्वचित तिचा उपद्रव कित्येक वर्षांनी प्रकट होतो. त्याचा आज विचार करावयाचा आहे.

मानेत सात मणके आहेत. दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक दोहोंमध्ये एक गादी असते. ती सरकून मज्जातंतूंवर दाब आला, तर गळ्याच्या पुढील बाजूने ती काढून तेथे हाडाचा तुकडा बसविण्याच्या पद्धती स्मिथ व रॉबिन्सन आणि क्लोवर्ड या अमेरिकन शल्यवैद्यांनी १९५८ साली सविस्तर मांडल्या. पट्टी व स्क्रू यांची जोड पुढे मिळाली. हल्ली ही पट्टी बहुधा टायटॅनियमची असते.

तिचे कार्य काय? आपले शहर दरवाजांचे. मलिक अंबरच्या भडकल दरवाजासारखी दगडी कमान उभारताना चुना घट्ट होईपर्यंत खालून आधार लागतो. मग भार कमानच पेलते. तद्वतच हाड जुळेपर्यंत पट्टी आधार देते. मात्र कमानीचा आधार काढून घेतात; मानेतील पट्टी सहसा काढीत नाहीत.

हाड जुळलेच नाही, तर मानेच्या प्रत्येक हालचालीचा ताण धातूवर पडतो. स्क्रू सैल होतात, कधी मोडतात. धूम्रपानाने हाड जुळण्यास अडथळा येतो, हे ध्यानी असावे. पट्टीच्या अगदी पुढे अन्ननलिका असते. सुटलेला स्क्रू तिला घासत राहिला, तर तिला छिद्र पडून जंतुसंसर्ग होऊ शकतो. हा प्रकार विरळा, पण प्राणघातक ठरू शकणारा आहे. शस्त्रक्रियेनंतर आरंभी गिळताना होणारा त्रास बहुधा ओसरतो. वर्षांनंतर नव्याने घास अडकू लागला, तर त्याला पित्त किंवा वार्धक्य म्हणून सोडून देऊ नये.

दुसरा प्रश्न शेजारच्या मणक्यांचा. हिलिब्रँड व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली अशा ३७४ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेजारच्या भागात नवा त्रास उद्भवण्याचे प्रमाण दरसाल सुमारे २.९ टक्के आढळले. हा दोष जोडलेल्या मणक्यांचा की वाढत्या वयाचा, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

मग करावे काय? शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईस झालेली असते आणि तक्रार येथे उद्भवते. अशा वेळी ‘घाटी’तील असो वा खासगी, वैद्यास जुन्या क्ष-किरण छायाचित्राशी नवे ताडून पाहता आले, तर स्क्रू जागचा हलला काय हे कळणे सुकर होते. म्हणून शस्त्रक्रियेचा अहवाल, बसविलेल्या वस्तूची चिठ्ठी आणि पहिली छायाचित्रे जपून ठेवावीत.

गिळताना नवा त्रास, मानेवर सूज, ज्वर, हातातून वस्तू निसटणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न लावता वैद्यास गाठावे. श्वास कोंडल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. पट्टी निर्जीव आहे. तिच्या तक्रारीला वाचा फोडावयाची ती रोग्याने आणि त्याच्या घरच्यांनीच.