वजन तेवढेच, पण त्यात काय भरले आहे?



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खत-पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय आपल्या शरीराचा आहे. पण तो उसाच्या हिशेबाने चटकन कळतो.

समजा, काट्यावर दोन गाड्या आल्या. दोन्हींत ऊस दहा-दहा टन. एकीचा उतारा साडेअकरा, तर साखर निघाली ११५० किलो. दुसरीला तोडीच्या तोंडावर भरपूर पाणी दिलेले. उतारा साडेनऊ, साखर ९५० किलो. काटा खोटा नाही. तो ओझे सांगतो, आत काय आहे ते सांगत नाही.

माणसाचेही तसेच. गटात फिरताना आम्ही नेहमी ऐकतो, "साहेब, वीस वर्षांत माझं वजन किलोभर हललं नाही. मला कसली शुगर होतेय?" हा हिशेब कच्चा आहे. पूर्वी औतामागे चालणे होते, कुदळ-खोऱ्याचे काम होते. आता नांगरट ट्रॅक्टरने, पाणी ठिबकने आणि रानात जायचे ते मोटारसायकलवर. मांड्या-दंडांतले चार किलो स्नायू झिजले आणि पोटात चार किलो चरबी साठली, तर काटा जागचा हलत नाही. माणूस मात्र आतून बदललेला असतो.

जेवणानंतर रक्तात येणारी साखर ओढून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात. ते घटले आणि यकृतात, आतड्यांभोवती चरबी साचली, की शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. मधुमेह आणि हृदयविकाराची वाट तिथूनच सुरू होते.

डॉक्टर किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून एक आकडा काढतात. त्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. आपल्याकडे तो २३ च्या आत असला की ठीक समजतात. पण तोही शेवटी वजनाचाच आकडा. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचा इंडेक्स एकच, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, पण आतून चरबी जास्त, ही ठेवण आपल्या लोकांत बरीच आढळते. पुणे जिल्ह्यातील खेड्यांतल्या नवजात बाळांच्या अभ्यासातही हेच दिसले. बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण चरबी त्या मानाने कमी नव्हती.

दुसऱ्याचे कशाला, आमचेच सांगतो. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो; इंडेक्स २२.८. आम्ही निर्धास्त होतो. टेप लावली तर पोट ३७ इंच! उपाशीपोटी रक्त तपासले, तर साखर ११२ निघाली. १०० च्या आत हवी. १२६ च्या पुढे मधुमेह. म्हणजे आम्ही उंबरठ्यावरच उभे होतो.

तेव्हा काट्याबरोबर टेपही वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांचे माप ९० सेंटिमीटरच्या (साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांचे ८० सेंटिमीटरच्या (साडेएकतीस इंच) आत असावे. पँटच्या नंबरावर जाऊ नका. पँट पोटाखाली बसते.

माप जास्त भरले, तर उपास करून वजन पाडण्याच्या मागे लागू नका. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. रोज भरभर चाला, अंगमेहनतीचे काम किंवा उठाबशा-जोर यांनी स्नायूंना काम द्या. ताटात भाताचा ढीग कमी करून डाळ, उसळ, दूध, अंडी वाढवा. गूळ असो की साखर, चहात बेतानेच. आपण ती पिकवत असलो तरी!

आम्ही शेती खात्याची माणसे, डॉक्टर नव्हे. म्हणून माप जास्त भरलेल्या सभासदांनी गाळप हंगामाची धांदल सुरू होण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तातली साखर तपासून घ्यावी. घरातल्या माउलीचेही माप घ्यायला विसरू नये, ही आग्रहाची विनंती.

– ऊस विकास अधिकारी