बाँड... मुलींच्या शाळेचा!

मार्च महिना आला की ऑफिसात दोनच विषय. टार्गेट किती झालं आणि व्हेरिएबल पे किती मिळणार. आपल्याला आता याची सवय झालीय. काम केलंत ना, छान. पण आकडा कुठाय? हाच प्रश्न कुणी समाजसेवेला विचारला तर? किती शिबिरं घेतली, किती वह्या वाटल्या ते राहू द्या. पोरं शिकली का ते दाखवा, तरच पैसे! ऐकायला जरा निर्दय वाटतं ना?

पण असा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. राजस्थानातल्या भिलवाडा जिल्ह्यात, 2015 ते 2018 अशी तीन वर्षं. नाव भारदस्त आहे, डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बाँड. नावात बाँड असला तरी शेअर बाजारात मिळणारा हा कागद नव्हे. हा साधा त्रिपक्षी करार आहे. सफीना हुसेन यांनी 2007 मध्ये सुरू केलेली 'एज्युकेट गर्ल्स' ही संस्था गावात काम करणार. त्यासाठी लागणारे सुमारे 2 लाख 70 हजार डॉलर आधी 'यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशन' घालणार. आणि निकाल चांगला लागला तरच 'सिफ', म्हणजे चिल्ड्रेन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशन, ते पैसे व्याजासकट परत करणार. निकाल नाही लागला? मग यूबीएसवाल्यांचे पैसे बुडाले. संस्थेला मात्र कामाचे पैसे आधीच मिळालेले. धोका तिच्या डोक्यावर नाही, ज्याला परवडतो त्याच्या डोक्यावर. मला या करारातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते.

रक्कम ऐकून दचकू नका. त्या वेळच्या दराने पावणेदोन कोटी रुपयांच्या आसपास. दादरला एखादा बरा फ्लॅट बघायला गेलात तर एवढ्यावर घासाघीस होते! इथे तेवढ्यात 140 गावं आणि सात हजारांवर मुलं होती.

निकाल कसा मोजायचा, हे आधीच ठरलं होतं. 80 टक्के वजन शिकण्याला, 20 टक्के शाळेबाहेरच्या मुलींना शाळेत आणण्याला. तिसरी ते पाचवीच्या मुलांची 'असर' पद्धतीने चाचणी. अक्षर ओळखता येतं का, शब्द वाचता येतो का, उतारा, मग गोष्ट, तसंच गणिताचं. (ही पद्धत 'प्रथम'ची, जिची सुरुवात आपल्या मुंबईच्या झोपडपट्ट्यांतली.) शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटल्या. एका गटात संस्था काम करणार, दुसऱ्यात नाही, आणि दोन्हींतला फरक मोजणार तिसरेच कुणीतरी. ते काम 'आयडीइनसाइट'कडे होतं. म्हणजे आपणच आपला पेपर तपासायची सोय नाही.

आता खरी गंमत. दोन वर्षं संपली तेव्हा शिकण्याच्या एकूण टार्गेटपैकी जेमतेम निम्मं गाठलं होतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर लाल शेरा. पण हातात नुसती टक्केवारी नव्हती. कुठल्या शाळेत, कुठल्या विषयात पोरं अडकलीत हे दिसत होतं. मग संस्थेने पद्धत बदलली. इयत्तेपेक्षा मुलाला काय येतं ते बघून गट पाडले, अभ्यासक्रम नव्याने जुळवला, जी मुलं वर्गात येत नव्हती त्यांच्यासाठी 'टीम बालिका'चे स्वयंसेवक वस्तीत, घरी जाऊ लागले. तिसऱ्या वर्षाअखेरीस शिकण्याचा आकडा टार्गेटच्या 160 टक्के झाला. शाळेबाहेरच्या 837 मुलींपैकी 768 जणींची नावं पटावर आली. सिफने 4 लाख 22 हजार डॉलर मोजले. परतावा वर्षाला 15 टक्के.

पंधरा टक्के! एवढं एफडीवर कोण देतं? खेड्यातल्या मुलीच्या पाटीवर कुणी नफा कमवावा का, असा प्रश्न इथे पडायलाच हवा. एवढंच की यूबीएस ऑप्टिमस ही धर्मादाय संस्था आहे, परतावा कुणा बँकरच्या बोनसमध्ये गेला नाही. त्यातला वाटा संस्थेलाही ठरलेला होता. आणि 15 टक्के ही कमाल मर्यादा. त्यापुढे पोरं कितीही शिकली तरी एक डॉलर जास्त मिळणार नव्हता.

माझी एक कॉलेजमैत्रीण विदर्भातल्या एका संस्थेत काम करते. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "अगं, आम्हाला बाँड नको. प्रवासखर्चाच्या खात्यातले पैसे शिकवण्यावर टाकले तर देणगीदार तीन मेल पाठवतो. जूनमध्ये लिहिलेलं बजेट फेब्रुवारीतही तसंच हवं त्यांना. मध्येच चुकतंय कळलं तरी बदलायचं नाही!"

तिच्या या वैतागात मला भिलवाड्याचं उत्तर दिसतं. तिथे पैसे घालणारा व्हाउचर मागत नव्हता, निकाल मागत होता. म्हणून वाटेत रस्ता बदलायची मोकळीक होती, आणि वर्षावर्षाला निकाल हातात येत होता. माझ्या मते जादू या दोन गोष्टींची, 15 टक्क्यांची नाही. आणि या दोन गोष्टी साध्या देणगीतही देता येतात. त्यासाठी करार लिहिणारे, मध्यस्थ, मोजणारे यांचा लवाजमा प्रत्येक वेळी लागतोच असं नाही. तो स्वस्तही पडत नाही.

वारं इकडेही पोचलंय. डिसेंबर 2020 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने यूएनडीपीबरोबर आरोग्यसेवेसाठी सोशल इम्पॅक्ट बाँडचा सामंजस्य करार केला. आयटीतली अर्धी जनता त्याच हद्दीत राहते, तेव्हा नगरसेवकाला विचारायला प्रश्न तयार ठेवा: मोजणार काय, आणि मोजणार कोण? हॉस्पिटलात किती पेशंट आले हे मोजायला सोपं असतं. किती जण बरे होऊन गेले, हे अवघड. पैसे सोप्या आकड्याला बांधले की माणसं सोपा आकडाच आणून देतात. हे सेल्समध्ये काढलेल्या कुणालाही शिकवावं लागत नाही.

भिलवाड्यात पटनोंदणीचं टार्गेट 79 टक्क्यांचं होतं, 837 पैकी साधारण 661 मुली. तिथे थांबले असते तरी करार पूर्ण झाला असता. पुढच्या 107 जणींच्या दारात तरीही कुणीतरी गेलं.